रीजन्सीतलं ठरवून केलेलं लग्न: कर्जबाजारी नवरदेव, ब्रँडीचा ग्लास आणि नोकराहाती पाठवलेला दात

निंबोणी:
सध्या रात्री झोपण्याआधी रीजन्सी रोमान्स वाचायचा नाद लागलाय. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी, १८११ ते १८२० ही इंग्लंडमधली रीजन्सी, म्हणजे तिसरा जॉर्ज राजा पार भ्रमिष्ट झाला म्हणून त्याचा थोरला मुलगा प्रिन्स ऑफ वेल्स राजाच्या वतीनं गादी सांभाळायला बसला तो काळ. कादंबऱ्यांत याच काळातले ड्यूक नि अर्ल असतात, उंच, तिरसट, भयंकर श्रीमंत, आणि निम्म्या कादंबऱ्यांचं कथानक एकच: बापानं जुगारात घर घालवलं, पोरीला नाइलाजानं ड्यूकशी लग्न करावं लागतं, पहिल्या दिवसापासून भांडणं, पंधराव्या प्रकरणात पावसात भिजणं, विसाव्यात प्रेम. मला आवडतं, नावं ठेवू नका.

पण गंमत अशी की ज्या माणसामुळे या काळाला रीजन्सी म्हणतात त्याचं स्वतःचंच लग्न असं ठरवून झालं होतं, आणि ते इतकं अचाट आहे की कुणी कादंबरीत घातलं असतं तर संपादकानं "बाई, जरा आवरा" म्हणून परत पाठवलं असतं. शिवाय सगळं उलटं. कर्ज मुलीच्या बापाचं नव्हतंच, नवरदेवाचं होतं!

तर हे प्रिन्स जॉर्ज. १७८७ साली पार्लमेंटनं एकदा त्यांचं कर्ज फेडायला १,६१,००० पौंड दिले, वर कार्लटन हाऊस या त्यांच्या वाड्याच्या कामाला ६०,००० वेगळे. या पठ्ठ्यानं काय करावं, १७९५ पर्यंत कर्ज ६,३०,००० पौंडांच्या आसपास नेऊन ठेवलं. घोडे, गाद्या, पडदे, दागिने, बायका, जेवणावळी, सगळं उधारीवर. बाप म्हणाला लग्न कर, मग बघू. म्हणजे बघायला गेलं तर हे लग्न सावकारांनीच जुळवलं.

मुलगी सख्खी आत्तेबहीण, जर्मनीतल्या ब्रन्सविकच्या ड्यूकची कॅरोलाईन. तिचं वय २६, याचं ३२. दोघांनी एकमेकांना कधी बघितलेलं नाही, फक्त तसबिरी. मुलीला आणायला नोव्हेंबर १७९४ मध्ये लॉर्ड माम्सबरींना पाठवलं. हा माणूस रशियात कॅथरीन द ग्रेटच्या दरबारात वकिली करून आलेला मुरलेला मुत्सद्दी, आणि त्यानं रोजनिशी लिहिलीय म्हणून आपल्याला हे सगळं कळतं. त्याच्या लक्षात आलं की मुलगी मनानं चांगली आहे, दिलखुलास आहे, पण जिभेला लगाम नाही आणि अंघोळ नि कपडे बदलणं या बाबतीत फार उदार धोरण आहे. आता राजपुत्र तर नीटनेटकेपणाचा अतिरेकी. मग या बिचाऱ्या वकिलावर वेळ काय आली, तर भावी राणीला आडून आडून सांगायची की राजकुमारी, नीट, सगळीकडून, वेळ देऊन अंघोळ करत जा आणि आतले कपडे वरचेवर बदला. कॅथरीनपुढं न डगमगलेला माणूस इथं घामाघूम.

आणि एके दिवशी कॅरोलाईनबाईंनी दात उपटून घेतला आणि तो नोकराच्या हाती माम्सबरींकडे बघायला पाठवून दिला. का? कुणालाच माहीत नाही. त्यांनी रोजनिशीत नाक मुरडून नोंद केलीय एवढंच.

पुढचं टाइप करतेय, कुकर लावून येते.

पिंगा:
दात 😂😂😂 पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत!!

खडूसकाका:
लेख रंजक आहे, पण १७९५ साल रीजन्सीत येत नाही. तुम्हीच वर १८११ लिहिलंय. शीर्षक बदलावं ही विनंती.

नाशिकची_द्राक्षं:
काका आले म्हणजे धागा चालणार 😀 निंबोणी, कुकरच्या किती शिट्ट्या करतेस, ये लवकर

निंबोणी:
आले. काका, लग्न आधीचं असलं तरी त्याचा तमाशा पूर्ण रीजन्सीभर आणि पुढेही चालला, तेव्हा शीर्षक राहू दे. हलकेच घ्या.

तर वऱ्हाड डिसेंबरअखेर निघालं. वाटेत फ्रेंचांशी युद्ध चालू, त्यात कडाक्याची थंडी, हॅनोव्हरमध्ये कित्येक आठवडे अडकले, शेवटी ५ एप्रिल १७९५ ला बोट ग्रिनिचला लागली. आणि तिथं नवरीला घ्यायला कुणीच नाही! कारण घ्यायला येणार होत्या लेडी जर्सी, त्या उशिरा आल्या. आता या लेडी जर्सी कोण? राजपुत्राची त्या वेळची मैत्रीण (कुठल्या अर्थानं ते सांगत नाही, लहान मुलंही वाचतात). तिलाच त्यानं बायकोची मुख्य सखी म्हणून नेमून टाकलेलं. बाईंनी आल्या आल्या नवरीच्या कपड्यांना नावं ठेवली, तिला आपण आणलेला दुसरा ड्रेस घालायला लावला आणि मग म्हणे मला बग्गीत पाठमोरं बसलं की मळमळतं, तेव्हा मी राजकन्येच्या शेजारी बसणार. माम्सबरी काय म्हणाले माहितीय? तसं असेल तर ही नोकरीच घ्यायला नको होती, आणि हवं तर माझ्यासोबत दुसऱ्या बग्गीत बसा. बाई गप उलट्या दिशेला तोंड करून बसल्या. माम्सबरींना आपल्याकडून शाल श्रीफळ.

सेंट जेम्स पॅलेसात भेट झाली. कॅरोलाईन रीतीप्रमाणे गुडघे टेकायला लागली, त्यानं तिला उठवलं, मिठी मारली, जेमतेम एक शब्द बोलला, फिरला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणतो, हॅरिस (म्हणजे माम्सबरी), मला बरं वाटत नाहीये, एक ग्लास ब्रँडी आणा. माम्सबरी म्हणतात, सर, पाणी घेतलंत तर बरं नाही का? यावर एक शिवी हासडून राजपुत्र तडक आईकडे निघून गेला.

मागं राहिली नवी नवरी. ती फ्रेंचमध्ये माम्सबरींना विचारते, हा नेहमी असाच असतो का हो? फारच जाडा आहे, आणि तसबिरीतल्यासारखा देखणा तर मुळीच नाही.

म्हणजे दोघांनाही एकाच मिनिटात कळलं. निदान एवढ्यापुरतं तरी एकमत.

मावळतीचा_चहा:
आईगं, "हा नेहमी असाच असतो का" 🤣 कांदेपोह्यांच्या कार्यक्रमानंतर घरी येताना रिक्षात आपण जे बोलतो ते बाई तिथंच तोंडावर बोलली

तोफखाना:
वाचतोय. एक अवांतर, मार्च १७९५ मध्ये आपल्याकडे खर्ड्याची लढाई झाली, निजामाला नमवून मराठे पुण्याकडे वळताहेत आणि त्याच सुमाराला तिकडे हे ब्रँडी प्रकरण. पुढे ज्यांनी पुणं घेतलं त्यांच्या युवराजाची ही अवस्था. असो, चालू द्या.

निंबोणी:
तोफखाना 😄 तुमचं सगळं खर्ड्यापासून सुरू होतं.

लग्न तीन दिवसांनी, ८ एप्रिलला रात्री, सेंट जेम्सच्या चॅपेल रॉयलमध्ये. नवरदेव इतका प्यायलेला की दोन ड्यूक दोन्ही बाजूंनी धरून उभे. मधेच प्रार्थना चालू असताना हा उठून उभाच राहिला, राजानं त्याला परत बसवलं. आणि आर्चबिशपनी जेव्हा विचारलं की या विवाहाला कुणाची हरकत आहे का, तेव्हा पुस्तक खाली ठेवून राजाकडे आणि मग राजपुत्राकडे बराच वेळ रोखून पाहिलं. का पाहिलं ते पुढच्या प्रतिसादात. लग्नाची रात्र नवरदेवानं शेकोटीच्या जाळीखाली पडून काढली, हे कॅरोलाईननंच नंतर सांगितलेलं.

कलमकसाई_वकील:
आर्चबिशपनी का पाहिलं हे मी सांगतो, धागाकर्तीची हरकत नसेल तर, कारण हा आमच्या खात्यातला विषय आहे.

राजपुत्राचं आधीच एक लग्न झालेलं होतं. १५ डिसेंबर १७८५, मेफेअरमधल्या पार्क स्ट्रीटवर, घरातल्या दिवाणखान्यात, दाराला कडी लावून, मारिया फिट्झहर्बर्ट या बाईंशी. दोनदा विधवा झालेल्या, वयानं याच्यापेक्षा मोठ्या आणि कॅथलिक. त्या आधी नाही म्हणत होत्या, तर यानं १७८४ मध्ये स्वतःला जखम करून घेतली आणि निरोप पाठवला की तुम्ही आल्या नाहीत तर मी मरतो. बाई आल्या, हो म्हणाल्या, आणि लगेच युरोपात पळून गेल्या 😀 वर्षभरानं परत आल्यावर हे गुपचूप लग्न. भटजी मिळेना. शेवटी कर्जापायी फ्लीटच्या तुरुंगात बसलेला एक पाद्री सापडला, त्याचं ५०० पौंडांचं देणं राजपुत्रानं भागवलं आणि त्याला सोडवून आणलं. स्वतःचं देणं लाखांत, पण हे मात्र रोख.

आता कायदा बघा. चर्चच्या दृष्टीनं लग्न लागलं. पण १७७२ च्या रॉयल मॅरेजेस अॅक्टप्रमाणे २५ वर्षांखालच्या राजवंशीयाला राजाची संमती लागते, ती नव्हती, हा तेव्हा २३ चा, म्हणून कायद्यानं लग्न शून्य. आणि संमती घेऊन केलं असतं तर अजून पंचाईत, कारण १७०१ च्या अॅक्ट ऑफ सेटलमेंटनं कॅथलिकाशी लग्न करणाऱ्याचा गादीवरचा हक्कच जातो. म्हणजे लग्न बेकायदा आहे म्हणूनच गादी वाचली. वर १७८७ मध्ये कर्जाचं बिल मंजूर करून घ्यायला त्याचा जिवलग मित्र फॉक्स कॉमन्समध्ये (पार्लमेंटच्या खालच्या सभागृहात) उभा राहून बोलला की असं लग्न झालंच नाही. फॉक्सला खरोखर तसंच सांगितलेलं होतं. फिट्झहर्बर्टबाईंनी त्याच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

पिंगा:
वकीलसाहेब तुम्ही तर वेगळाच धागा काढा. म्हणजे कर्जासाठी पहिलं लग्न नाकारलं आणि कर्जासाठीच दुसरं केलं???

कलमकसाई_वकील:
अगदी. आणि दोन्हीकडे घाटा. १७९५ मध्ये पार्लमेंटनं त्याचं वर्षाचं उत्पन्न ६०,००० पौंडांवरून १,२५,००० वर नेलं खरं, पण वाढवलेले ६५,००० परस्पर कर्जफेडीला वळते केले. हातात एक दमडी जास्त नाही. कर्ज फिटायला १८०६ उजाडलं. बायको मात्र ताबडतोब लागू.

खडूसकाका:
हे मात्र आवडलं.

मध्यरात्र:
सगळे हसताहेत पण मला एक कळत नाही यात विनोदी काय आहे. एक मुलगी, जिला कुणी काही विचारलेलं नाही, परक्या देशात जाते, नवऱ्याची बाई तिची सखी म्हणून नेमलेली, नवरा दारू पिऊन पडलेला, आणि आपण काय म्हणतोय तर ती अंघोळ करत नव्हती. अठराव्या शतकातल्या किती पुरुषांच्या अंघोळीची नोंद कुणी ठेवलीय? माम्सबरीनं लिहिलं म्हणून आपण मानायचं? रोमान्स कादंबऱ्यांचाही मला हाच प्रॉब्लेम आहे, नवरा तुसडा असला तरी विसाव्या प्रकरणात तो सुधारणारच हे ठरलेलं असतं म्हणून आपण बिनधास्त हसतो. इथे तर तो सुधारला नाही.

निंबोणी:
मध्यरात्र, तुझा मुद्दा पटतो आणि तरी मला हसू येतं, दोन्ही. मी हसते ती त्याला. ७ जानेवारी १७९६ ला, लग्नाला जेमतेम नऊ महिने होताना, मुलगी झाली, शार्लट. तीन दिवसांनी या गृहस्थानं, आपण आता मरणार अशी समजूत करून घेऊन, लांबलचक मृत्युपत्र लिहिलं, त्यात सगळी मालमत्ता "माझी खरी पत्नी" मारिया फिट्झहर्बर्टला, आणि कॅरोलाईनला एक शिलिंग. बाळंतीण पलीकडच्या खोलीत आणि हा एका शिलिंगाचा हिशेब लिहितोय! एप्रिलमध्ये पत्र पाठवलं की आपले स्वभाव आपल्या हातात नसतात, तेव्हा यापुढं आपण वेगळे. आणि मेला अर्थातच नाही, अजून ३४ वर्षं जगला.

अंघोळीचं म्हणशील तर माम्सबरीनं तिचं कौतुकही केलंय, ते मीच वर एका ओळीत उरकलं. आणि तिची बाजू घेणाऱ्या बायका तेव्हाही होत्या. कादंबरीकार जेन ऑस्टिननं १८१३ मध्ये एका पत्रात लिहिलंय की जमेल तोवर मी या बाईच्या बाजूनं राहणार, कारण ती बाई आहे आणि कारण तिच्या नवऱ्याचा मला तिटकारा आहे. आता बोल.

मध्यरात्र:
ओके हे वाक्य फ्रेम करून लावणार 🙂 पण मुलीला आईला भेटायची पण चोरी होती नंतर, ते पण लिही.

निंबोणी:
हो लिहिते ना, कारण शार्लट हीच खरी हिरॉईन.

बाप रीजंट झाल्यावर तिचंही असंच ठरवायला निघाला. मुलगा हॉलंडचा, प्रिन्स ऑफ ऑरेंज, राजकीयदृष्ट्या एकदम सोयीचा. डिसेंबर १८१३ मध्ये कार्लटन हाऊसला जेवणाच्या दिवशी दोघांना दुसऱ्या खोलीत येरझाऱ्या घालायला लावल्या, थोड्या वेळानं बाप आला, विचारलं काय, बरा आहे ना? ती म्हणाली वागणं तरी बरं वाटलं. झालं, ठरलं! नंतर कळलं की लग्नानंतर वर्षातले काही महिने हॉलंडला राहावं लागणार. ही म्हणाली मी इंग्लंडची भावी राणी, मी का जाऊ? करारात कलम घाला. महिनोन् महिने कलमावर घासाघीस, आणि जून १८१४ मध्ये तिनं सरळ लग्न मोडलं. बापानं चिडून तिचे सगळे नोकर काढले, तर ही १७-१८ वर्षांची पोरगी १२ जुलैच्या संध्याकाळी घरातून पळाली, रस्त्यात भाड्याची घोडागाडी पकडली आणि आईच्या घरी जाऊन बसली. आख्खी रात्र काका लोक, बिशप, वकील तिची समजूत घालायला येताहेत. पहाटे ब्रूम नावाच्या वकिलानं पटवलं तेव्हा परत गेली. पण ऑरेंजवाल्याशी काही लग्न केलं नाही.

मे १८१६ मध्ये तिनं आपल्या पसंतीचा केला, लेओपोल्ड, देखणा पण खिशात पैसा नाही. लग्नात तो म्हणाला की माझी सगळी संपत्ती तुझी, तेव्हा म्हणे शार्लट फिस्सकन हसली. दीड वर्षानं, नोव्हेंबर १८१७ मध्ये, मेलेलं मूल जन्माला आलं आणि दुसऱ्या दिवशी तीही गेली. इथं मी पण हसत नाही.

ब्रायटनवासी:
मी ब्रायटनजवळ राहते म्हणून थोडी भर. राजपुत्राचा रॉयल पॅव्हिलियन इथेच आहे, बाहेरून मुघली घुमट आणि आत चिनी ड्रॅगन, आपले पाहुणे बघून हमखास विचारतात की हे ताजमहालाचं काय करून ठेवलंय. तिथून चालत दोन मिनिटांवर फिट्झहर्बर्टबाईंचं घर, पुढे तिथं वायएमसीए आलं. त्यांचं स्मारक केम्पटाऊनच्या चर्चमध्ये आहे, गुडघ्यावर बसून प्रार्थना करणारी बाई, आणि हातात तीन अंगठ्या कोरलेल्या. तीन नवऱ्यांच्या तीन. कायदा काहीही म्हणो, शिल्पकारानं मोजून घेतलंय. आणि तो मेला १८३० मध्ये, तेव्हा तिचं छोटं चित्र गळ्यात घालूनच पुरला गेला.

मावळतीचा_चहा:
म्हणजे प्रेम होतं तर मेल्याला. मग सगळ्यांचं वाटोळं का केलं

खडूसकाका:
कारण पडदे महाग होते.

नाशिकची_द्राक्षं:
काका 🤣🤣 आज फॉर्मात

तोफखाना:
ठरवून लग्नाचा विषय निघालाय तर आपल्या मातीशी थेट संबंध असलेला एक किस्सा सांगतो, आणि हा खर्डा नाही.

आर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३, जालना जिल्ह्यातली असई, शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्धची लढाई जिंकणारा तोच. याला १७९३ च्या सुमारास किटी पाकेनहॅम नावाची आयरिश मुलगी आवडली होती. मुलीच्या भावानं नकार दिला, पोरगा कर्जात, धाकट्या पातीतला, भविष्य शून्य. यानं म्हणे वैतागून आपली व्हायोलिनं जाळली आणि मन लावून सैनिकी सुरू केली. मग हिंदुस्थान, टिपू, असई, अडगाव, पैसा, 'सर' हा किताब. १८०५ मध्ये परतला तेव्हा एका मध्यस्थ बाईनं सांगितलं की किटी अजून तुझ्यासाठी थांबलीय. बारा वर्षांत एकदाही तोंड न बघता यानं पत्रानं मागणी घातली. तिनं प्रामाणिकपणे कळवलं की मी आता पूर्वीसारखी राहिले नाही, आधी येऊन बघून जा. हा म्हणाला मनं थोडीच बदलतात, गरज नाही. एप्रिल १८०६, डब्लिन, लग्न लावायला याचाच पाद्री भाऊ जेराल्ड. नवरी समोर आल्यावर भावाच्या कानात कुजबुजला, अरे बापरे, ही तर कुरूप झाली!

असईला समोर तोफांची रांग बघून नदीचा उतार नेमका कुठे असेल हे अंदाजानं हेरणारा सेनापती, आणि इथं पाहणी करायला नको म्हणाला. संसार आयुष्यभर रडतखडत.

पिंगा:
भावाच्या कानात!!! लग्न लावणाऱ्या भटजीच्या कानात!!! मला हार्ट अटॅक येईल हसून

मध्यरात्र:
किटीनं आधीच सांगितलं होतं ना बघून जा म्हणून. शंभर टक्के याची चूक.

कलमकसाई_वकील:
एक खुलासा, कारण वर कुणीतरी "ड्यूकशी जबरदस्तीनं लग्न" लिहिलंय. हार्डविकचा कायदा १७५३ चा. त्याप्रमाणे चर्चमध्ये लग्न, तीन रविवार जाहीर पुकारा किंवा मग लायसन, आणि लायसनवर लग्न असेल तर २१ वर्षांखाली बापाची संमती. वेळ सकाळी ८ ते १२. कँटरबरीच्या आर्चबिशपचं स्पेशल लायसन असेल तरच घरी, कधीही. कादंबऱ्यांत प्रत्येक ड्यूकच्या खिशात हे स्पेशल लायसन रुमालासारखं असतं. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता, म्हणून सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला पळून जायचे, तिथं दोन साक्षीदारांसमोर हो म्हटलं की झालं.

पण श्रीमंत घरात खरं लग्न चर्चच्या आधी वकिलाच्या टेबलावर लागायचं. मुलगी किती आणणार, तिला वर्षाला हातखर्च किती, नवरा मेला तर विधवेला वर्षाला काय, धाकट्या मुलांना काय, सगळं करारात. कारण एकदा लग्न झालं की बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची, जमिनीचं उत्पन्नही त्याच्याच हातात. म्हणून पोरीच्या बापाचा वकील जितका खाष्ट तितका तिचा संसार सुखाचा. या वकिलावर एकही रोमान्स नाही याचा मी निषेध नोंदवतो.

निंबोणी:
वकील, निषेधाची नोंद घेतली 😄

आता ज्याच्यासाठी मी हा धागा काढला ते. शार्लट गेली तेव्हा तिसऱ्या जॉर्जला जिवंत मुलं बारा, पण औरस नातवंड एकही नाही! मग एकाएकी सगळ्या प्रौढ राजपुत्रांना लग्नाची आठवण झाली, कारण लग्न केलं की पार्लमेंट भत्ता वाढवणार. ड्यूक ऑफ केंट २७ वर्षं ज्या बाईबरोबर राहिला तिला सोडून बोहल्यावर उभा राहिला. ड्यूक ऑफ क्लॅरेन्स म्हणजे विल्यम, हा तर ५२ वर्षांचा, तोंडानं फटकळ, कर्जात, आणि डोरा जॉर्डन नावाच्या नटीपासून झालेली दहा मुलं. त्यानं आधी बऱ्याच श्रीमंत मुलींना विचारून बघितलं, सगळ्यांनी नाही म्हटलं. जर्मनीत स्थळं शोधायला धाकट्या भावाला, ड्यूक ऑफ केंब्रिजला सांगितलं, तर त्यानं कॅसलच्या ऑगस्टाचं इतकं गुणगान करणारी पत्रं पाठवली की विल्यमनंच ओळखलं, हा स्वतःच पडलाय प्रेमात. आणि खरंच, केंब्रिजनं तिच्याशी लग्न केलं.

शेवटी विल्यमला मिळाली सॅक्स-मायनिंगेनची ॲडलेड, २५ वर्षांची, शांत, साधी. जुलै १८१८ मध्ये ती आईबरोबर लंडनला आली, उतरली ग्रिलन्स हॉटेलात, तिथं दोघांची पहिली भेट, आणि आठवडा-दीड आठवड्यात लंडनजवळच्या क्यूला लग्न, त्याच मांडवात केंटचंही उरकलं.

आता सांगा, कादंबरीच्या नियमानं या लग्नाचं काय व्हायला हवं होतं? सत्यानाश. आणि झालं काय, तर हेच लग्न टिकलं. तिनं त्या दहा मुलांना घरात सामावून घेतलं, त्याच्या शिव्या कमी केल्या, खर्च आटोक्यात आणला, आणि तो तिच्याशी शेवटपर्यंत इमानानं राहिला. त्यांची स्वतःची मुलं जगली नाहीत, ते दुःख दोघांनी मिळून काढलं. ऑस्ट्रेलियातलं ॲडलेड शहर तिच्याच नावाचं. म्हणजे उंच देखणा ड्यूक वगैरे सगळं झूट, खरा रीजन्सी हिरो हा अननसासारख्या डोक्याचा ५२ वर्षांचा माणूस होता. मला असा नायक असलेली कादंबरी हवीय आणि कुणी लिहीत नाही.

तोफखाना:
डोक्याचं वर्णन त्या काळच्या लोकांचंच आहे, नारळ-अननस वगैरे, धागाकर्ती उगाच बोलत नाहीये. बाकी जून १८१८ मध्ये दुसरे बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाले आणि जुलैत हे दुहेरी लग्न. एवढंच बोलून थांबतो.

मावळतीचा_चहा:
ॲडलेड 😍 आणि कॅरोलाईनचं पुढे काय झालं? ते अर्धवट राहिलं.

निंबोणी:
ती १८१४ मध्ये युरोपात निघून गेली, इटलीत पेर्गामी नावाच्या देखण्या कारभाऱ्याबरोबर राहिली. १८२० मध्ये म्हातारा राजा वारला आणि ही राणी झाली, तर जूनमध्ये दत्त म्हणून लंडनला हजर. नवऱ्यानं तिला घटस्फोट देण्यासाठी पार्लमेंटात बिल आणलं, लॉर्ड्स या वरच्या सभागृहात तिच्यावर महिनोन् महिने सुनावणी. मुख्य साक्षीदार माजोक्की, तिचा इटालियन नोकर, उलटतपासणीत प्रत्येक प्रश्नाला "नॉन मी रिकॉर्दो", मला आठवत नाही. ते वाक्य लंडनच्या रस्त्यावर पोरं म्हणायला लागली. लोक सगळे तिच्या बाजूनं, कारण नवऱ्याचं चारित्र्य सगळ्यांना पाठ. तिच्या नावावर एक वाक्य खपवलं जातं की मी व्यभिचार एकदाच केला, फिट्झहर्बर्टबाईंच्या नवऱ्याबरोबर! नोव्हेंबरात बिल फक्त ९ मतांनी लॉर्ड्समध्ये पास झालं, खाली कॉमन्समध्ये आपटणार हे दिसत होतं म्हणून सरकारनं मागंच घेतलं. त्याच वर्षी राजानं जॉर्ज क्रुइकशँक या व्यंगचित्रकाराला १०० पौंड दिले, मला अनैतिक प्रसंगात काढू नकोस म्हणून.

१९ जुलै १८२१ ला राज्याभिषेक, ही वेस्टमिन्स्टर ॲबीच्या दारात गेली, दारं तिच्या तोंडावर बंद केली, आत सोडलंच नाही. तीन आठवड्यांत ती गेली. त्याआधी, मे महिन्यात मेलेल्या नेपोलियनची बातमी जुलैत राजाला सांगितली होती की महाराज, तुमचा सर्वात मोठा शत्रू मेला, तर म्हणे यानं विचारलं, "ती मेली?"

मध्यरात्र:
😶 मी हसले. रागावून हसले पण हसले.

पिंगा:
एक प्रश्न, त्या काळात कुणी या राजघराण्याच्या लग्नांवर रोमान्स लिहिला का? की आपल्याला आत्ताच सुचतंय

निंबोणी:
सुचवलं होतं! आणि कुणाला, तर वर जिचं पत्र सांगितलं त्याच जेन ऑस्टिनला. रीजंटला तिची पुस्तकं आवडायची, त्याच्या ग्रंथपालानं, क्लार्क त्याचं नाव, तिला कळवलं की पुढचं पुस्तक महाराजांना अर्पण करायला हरकत नाही, म्हणजे करच. कॅरोलाईनच्या ज्या नवऱ्याचा तिटकारा त्याच्याच नावे अर्पणपत्रिका छापायला लागली बिचारीला. मग १८१६ मध्ये लेओपोल्ड-शार्लटचं लग्न ठरल्यावर या क्लार्कनं अजून एक पत्र टाकलं की लेओपोल्डच्या घराण्यावर एक ऐतिहासिक रोमान्स लिहा, आत्ता चालेल. तिनं अतिशय नम्रपणे उत्तर दिलं की जीव वाचवण्यासाठी असेल तरच मी गंभीर रोमान्स लिहायला बसू शकेन, आणि त्यात स्वतःला किंवा दुसऱ्यांना हसायचं नाही अशी अट असेल तर पहिलं प्रकरण संपायच्या आत मला फाशी व्हायची.

खडूसकाका:
या बाईंना सदस्यत्व द्या.

नाशिकची_द्राक्षं:
निंबोणी, आता क्लॅरेन्स आणि ॲडलेडची कथा तूच लिही, ग्रिलन्स हॉटेलपासून सुरू कर. मी पहिली वाचक.

कलमकसाई_वकील:
आणि त्यात करार वाचणारा एक वकील हवा. संवाद मी पुरवतो, फी नाही.